तांबं

चाळीस वर्षं मी या गावात तांब्याचे पाइप जोडले.
बेडलिंग्टनमधल्या कुठल्याही भिंतीवर हात ठेवून
सांधा कुठे आहे ते सांगेन.

आता पहाटे साडेपाचला
माझ्याच घरातला नळ सोडून उभा राहतो,
रात्रभर पाइपात मुरलेलं पाणी वाहून जाईपर्यंत.
मग टॅन्सीचं भांडं भरतो.

तिच्या काळजात तांबं साठतं.
जातं ते बाहेरच पडत नाही.
खाणवाल्यांची ही जात, अंगावर मेंढीची लोकर
अन् उंदीर दिसला की वाघीण.
आई-बाप दोघांकडून आलंय, मिस हेपल म्हणाली,
आणि एक्स-रे नसताना हवेतच बोटानं यकृत काढून दाखवलं.
म्हणजे गळत नाही, तुंबलंय, मी म्हणालो.
ती म्हणाली, हो, तसंच.

जेवणाआधी तासभर जस्ताची गोळी.
जस्त तांब्याला दारातच अडवतं म्हणे.
माझ्या माहितीत या दोघांचं पितळ होतं.
तिथे माझंच उघडं पडलं.

दर शनिवारी कलेजी यायची, कांद्यावर परतलेली,
निम्मी माझी, निम्मी तिची.
आयरिस होती तेव्हापासूनची रीत.
नऊ वर्षं मी तिला लाडानं काय भरवत होतो
ते आता कळलं.
खाटीक अजूनही सवयीनं कागद फाडतो,
मी मान हलवतो, तो कागद परत घडी करतो.

आता उकडलेला हॅडॉक, काटा न् काटा काढून,
मऊ भात, अंडं, चमचाभर कॉटेज चीज.
मूठ मूठ, दिवसातून चारदा.

शेजारच्या मिसेस ऑर्डचं उलटंच.
नवरा गेला आणि गलेलठ्ठ बोका
पाच दिवस अन्नाला शिवला नाही.
उपाशी राहिला म्हणून काळीज चरबीनं भरलं.
आता मानेतल्या नळीतून पातळ घास,
तासातासाला, रात्रीसुद्धा.
परवा नळी तुंबली, तशी चपला न घालता
माझ्या दारात आली.
मी पाना उचलला नाही.
कोमट पाणी, म्हटलं, हळू, जोर नको.
मोकळी झाली तेव्हा
दोघंही जमिनीवर बसलो होतो,
बोका आमच्याकडे वैतागून बघत होता.

शनिवारी मीही मासाच खातो.
तिच्यासमोर कलेजी खायला काळीज लागतं,
ते माझ्याकडे नाही.

भांडं रिकामं आहे, ती शेपूट आपटते.
थांब गं.
अजून थोडं जाऊ दे.