गोठू नये म्हणून

उणे एकतीस.
ही लस गोठली की वाया,
म्हणून कुपी डेलच्या आत, सदऱ्याच्याही आत,
बरगडीला लावून
त्सेरमा घोड्यावर बसते.
दुसऱ्या देशांत म्हणे हिच्यासाठी बर्फ शोधतात.

गेरमध्ये शेणाची धग.
बाळ अकरा तासांचं.
बाळंतिणीच्या डोळ्यांत किंचित पिवळं,
त्सेरमा बघते, बोलत नाही.
वडिलांचे असेच झाले होते,
मग पोट फुगत गेलं. मेंढ्या व्यायच्या आत संपले.

कुपी हलवून दिव्यासमोर धरते.
गढूळ, पण कण नाहीत. चालेल.
इवलीशी मांडी, सुई,
आणि रडणं थेट धुराड्याच्या भोकातून बाहेर,
कुत्री उठतात.

“कार्डावर नाव?”
“नेरग्वी,” बाप म्हणतो. बिननावाचा.
दुखण्याला हाक मारता येऊ नये म्हणून.

हसत नाही ती. नीट अक्षरात लिहिते,
खाली पुढची तारीख.