चार्ज

मार्च संपता संपता दरवर्षी
स्टोअरची किल्ली खिळ्यावरून काढून
मीच खाली जायची.
मागे देवाजीमामा, खांद्यावर शिडी.
अंधारात चार कूलर गेल्या वर्षीचे,
जाळ्यांवर खाऱ्या पाण्याची पांढरी पापुद्री,
एकाच्या पोटात चिमणीनं केलेला संसार.
गवत बदला, पंप लावून बघा, टाकीला डांबर मारा.
सहा खाटा, बर्फाची पेटी,
दारावर पाटी : उष्माघात कक्ष.
बावीस वर्षं.

यंदा खिळ्यावर किल्ली नव्हती.

खाली सिस्टर उईके,
बादलीत पंप सोडून उकिडवी बसलेली,
गालावर डांबराचं बोट.
"मॅडम, तुम्ही काहून आल्या? होऊन राहिलं ना."
आणि वर वॉर्डात खाटा
पश्चिमेच्या भिंतीपासून हातभर दूर.
मी नेहमी भिंतीला लावायची.
बोलणार होते.
दुपारी तीनला त्या भिंतीला तळवा टेकवला
आणि तव्यावरून उचलावा तसा उचलला.
बावीस वर्षांत
मी तिला हात लावून पाहिलं नव्हतं.

सक्करदऱ्याच्या घरात एकच कूलर.
सम्यक लहान होता तेव्हा
पंख्यापुढे तोंड नेऊन 'आऽऽ' म्हणायचा,
आवाजाचे तुकडे होऊन परत यायचे
आणि तो हसून लोळायचा.
मी ओरडायची, बोट घालशील बाबू, मागे हो.
मग एका उन्हाळ्यात
त्याचा आवाज पंख्यावाचूनच फुटला.
तो मागे झाला.
इतका, की दार लावून घेतलं.

आता बुटीबोरीच्या कंपनीत रात्रपाळीला असतो.
सकाळी साडेसहाला दारात गाठ पडते,
तो बूट काढत असतो, मी चपला घालत असते.
चार्ज देतो एकमेकांना :
नळ येऊन गेला. वरण झाकलंय.
दूध नासलं, आणशील.
गॅसवाल्याचा फोन आला तर उठ.
आणि तो, डोळ्यांत झोपेची रेती,
"दुपट्टा बांधला का? ग्लुकोज घेतलं?"
हे माझेच प्रश्न.
कधी दिले त्याला,
कोणत्याच रजिस्टरात नोंद नाही.

नवतपाच्या चौथ्या दिवशी
ड्युटी संपल्यावर मी थांबले नाही.
पहिल्यांदाच.
घरी आले आणि फोन मांडीवर घेऊन बसले,
वाजला नाही.
दहाला वाजला नाही. बाराला नाही.
वाजत का नाही म्हणून रागही आला,
खोटं कशाला सांगू.

सकाळी रजिस्टर उघडलं.
अकरा दाखल. एक मृत्यू, रात्री १.४०,
हातगाडीवाला, वय अंदाजे पन्नास.
नातेवाइकांना कळवले. खाली सही,
शेवटच्या अक्षराला किंचित वाकलेली.

लिनन रूममध्ये, चादरींच्या ढिगामागे होती ती.
सगळं बरोबर केलंस, असं मी म्हटलं नाही.
माझ्या पहिल्या वर्षी मला कोणीतरी म्हटलं होतं,
त्याचा उपयोग झाला नव्हता.
माठातलं पाणी दिलं.
शेजारी बसले.
माझ्या त्या रात्रीची वेळ सांगितली, चार वाजून दहा,
रिक्षावाला होता,
त्याच्या खिशातला कांदा
मी टेबलावर ठेवला होता.
कोणालाच सांगितलं नव्हतं हे.
तिनं नाक पुसलं. म्हणाली, "तीन नंबरचं सलाइन संपत आलं असंन."
आणि उठली.

आता ऑक्टोबर.
सम्यक खिडकीतला कूलर उतरवतोय.
गवत काळं पडलंय, कुबट, ओलं;
मुठीमुठीनं खाली टाकतो.
पूर्वी तो टॉर्च धरायचा, मी चढायची,
उजेड भलतीकडे गेला की चिडायची.
स्टुलाचा एक पाय तोकडा आहे,
त्याखाली मी माझं पाऊल दिलंय.
"नीट धर, आई."

धरलंय.