दगडाचं पाणी

हेस्टरनं फडक्याची गाठ सोडली.
आत अंगठ्याएवढा स्फटिक,
टोकाला जांभळट, बुडाशी धुरकट.
"उजेडात धर आणि कलता कर," म्हणाली.
आत एक बुडबुडा सरकला,
थांबला, मागे फिरला,
गवंड्याच्या लेव्हलमधला फिरतो तसा.

मी ओटफ्रीड, उइस गावचा दगडकाप्या.
हिऱ्याच्या कडेची चकती चालवतो.
कोरडी चालवली तर दगड तडकतो
आणि धूळ छातीत बिऱ्हाड करते.
भावाच्या छातीत केलं होतं, टिनच्या खाणीत.
म्हणून चकतीला पाणी पाजायचं.
पाणी चौकातल्या नळाला,
नळाला टोकन, टोकनला पैसे.
या महिन्यात टोकन कोरडं आहे.

तीन आठवडे ती गोबोबोसेबच्या डोंगरात होती.
पहार, घण, पाण्याचे दोन कॅन.
काळा बेसॉल्ट फोडत, पोकळ्या चाचपत.
लाव्हा निवताना त्यात फुगे अडकले,
फुग्यांत स्फटिक वाढले, सावकाश,
आणि वाढता वाढता एकानं
तेव्हाचं थेंबभर पाणी पोटात घेऊन दार लावलं.
तेरा कोटी वर्षं झाली, म्हणतात.
पश्चिमेचा समुद्र तेव्हा यायचाच होता.

एका दुपारी तिचा एक कॅन कलंडला.
वाळूनं आवाजही केला नाही.
मग हा खडा तिनं जिभेवर ठेवला.
"चव नव्हती रे. गार होता फक्त."

आम्ही दगडाचं पाणी जोखतो
म्हणजे झळाळी जोखतो.
हे दुसरं पाणी कसं जोखायचं
मला कुणी शिकवलं नाही.

स्वाकोपमुंडच्या गिऱ्हाइकाला पैलू हवेत,
बुडबुड्यासकट हवेत, परवापर्यंत हवेत.
हेस्टरला पोरीच्या वसतिगृहाची फी.
मी पेन्सिलनं रेघ ओढली.
रेघ आणि थेंब यांत दोन मिलिमीटर,
आणि माझा हात आता एकसष्टचा.

"पाणी नाही," मी म्हणालो.
तिनं उरलेला कॅन ट्रेमध्ये रिता केला
आणि दाराकडे तोंड करून उभी राहिली,
विकलेली शेळी नेताना उभी राहते तशी.

चकती ओरडली. पाणी दुधासारखं झालं.
खडा पुसला, उजेडात धरला, कलता केला.
"आहे," मी म्हणालो, "फिरतोय."

ती वळली, पण खड्याकडे नाही.
ट्रेमधलं पांढरं पाणी
ओंजळीओंजळीनं कॅनमध्ये परत भरू लागली.
उद्यापर्यंत निवळेल, म्हणाली,
शेळ्यांना चालेल.