ठिबक

रुवीत चर्चच्या आवारात
शुक्रवारी देवाला उसंत नसते.
पहाटे तमिळ, मग मल्याळी,
नऊला टाळ्यांसकट फिलिपिनो,
अकराला इथिओपियाच्या बाया, पांढऱ्या ओढण्यांत.
आमची पाळी दुपारी अडीचला,
मागच्या खोलीत, जिथं घडीच्या खुर्च्या
आणि मागल्या नाताळाचा कागदी तारा ठेवतात.
आम्ही मराठी मंडळी चौदा जण,
शिफ्ट आडवी आली की नऊ.
पेटी आहे. तिचा एक सूर दमट हवेनं बसलाय,
तिथं आम्ही सगळे मिळून जोरात गातो.

मी एसी दुरुस्त करतो. आडनाव ओहोळ,
आणि पोटापाण्याचं काम गळती थांबवायचं.
शिडीवर उभं राहून, तोंडात स्क्रू धरून
केलेली प्रार्थना देवाला कळत असावी,
कारण तिचे शब्द मलाही कळत नाहीत.
गच्चीवरचा पत्रा हात ठेवू देत नाही.
मग बंद पडलेलं यंत्र घरघरतं,
पहिली गार झुळूक तोंडावर येते,
आणि निघतं ते एवढंच:
बरं केलंस, देवा.

ऑक्टोबरात एलियाकाका रणभिसे म्हणाले,
पुढच्या शुक्रवारी सुगीची उपासना.
सगळे हसले.
सुगी? इथं?
गावी वेदीपुढं बाजरीची कणसं असायची,
पाय बांधलेली कोंबडी उपदेशात मधेच ओरडायची,
आणि नंतर लिलाव, आमेनपेक्षा मोठ्या आवाजात.
काका म्हणाले, जे पिकलं ते आणा.

मी भोपळा आणला, सुपरमार्केटातला,
स्टिकर काढायचं राहून गेलं.
दानिएलनं ओव्हरटाइमची पावती आणली, गुंडाळी करून.
मार्थानं सहा अंडी. नव्या पोरानं काहीच नाही,
तो नुसता लाजत म्हणाला, मी आलोय.
काकांनी त्यालाही पुढं बसवलं, भोपळ्याशेजारी.

शेवटी सुगंधाबाई त्रिभुवन.
दवाखान्यात फरशी पुसतात,
गुडघ्यांनी चालतात म्हटलं तरी चालेल.
टिश्यूपेपर उलगडला. आत पाच मिरच्या,
हिरव्यागार, देठासकट.
घरच्या आहेत, म्हणाल्या.
कुठलं घर? एका खोलीत सहा बाया.
खिडकीखाली तेलाचा डबा, त्यात माती,
वरच्या मजल्याच्या एसीचं पाणी थेंब थेंब त्यात.
देवबाप टिपकत होता, म्हणाल्या, मी डबा धरला.

मी मान खाली घातली.
तो एसी मला माहीत होता.
वॉचमनची तक्रार, जूनमधली.
मीच पाइप जोडून ते पाणी
पार कोपऱ्यातल्या गटारापर्यंत नेलं होतं,
आणि कामाच्या वहीत लिहिलं होतं: गळती बंद.

सुगंधाबाई, मी म्हणालो, तो पाइप माझा.
माहीत आहे की, त्या म्हणाल्या,
तुम्ही पाइप कोपऱ्यात नेलात,
मी डबा कोपऱ्यात नेला.
तिथं तर सकाळचं ऊन बी चांगलं मिळतं.

मग लिलाव झाला.
एक मिरची, बोला! पाचशे बैसा. एक रियाल.
दोन. दानिएल चढत होता, मी थांबत नव्हतो.
तीन रियालला एक मिरची घेतली
आणि तिथंच, उभ्या उभ्या, चावली.
कान पेटले. नाक, डोळे वाहायला लागले.
कुणी पाणी आणायला पळालं, कुणी हसून खुर्चीवरून घसरलं,
मार्थानं पेटीवर नको तोच सूर दाबला,
आणि दारात चार वाजताचे तेलुगू लोक
शास्त्र काखेत धरून बघत उभे:
काय चाललंय यांच्यात?
काकांनी घड्याळ पाहिलं, हात वर केले,
आशीर्वाद अर्धाच म्हणता आला, हसू येत होतं.

शनिवारी पुन्हा शिडी.
पाचव्या मजल्यावर एक युनिट ठिबकतंय.
पाना काढतो, तोंडात स्क्रू धरतो,
आणि आवळायच्या आधी
वाकून खाली बघतो,
कुणाचा डबा तर नाही ना.