पाच महिने बावीस दिवस

व्हिसा लागत नाही, टूरवाले वायंगणकर म्हणाले होते,
नुसतं उठायचं नि जायचं, माटुंग्याला जातो तसं.
आणि लगेच खणातून कागद काढला:
परतीचं तिकीट. हॉटेलचं बुकिंग, सगळ्या रात्रींचं.
माणशी इतके डॉलर, रोख.
खर्चायचे नाहीत हो, दाखवायचे.
उद्देश विचारला तर पर्यटन.
दुसरं काही बोलायचं नाही.

शालननं आठवडाभर पाठ केलं.
कणीक मळताना पर्यटन,
दळण आणायला जाताना पर्यटन.
पाच दिवस, चार रात्री, सोबत मिस्टर.

पहाटे दोन चाळीस, सहारचा विमानतळ.
छताला इतके दिवे
की आमच्या वडाळा आगाराचं वर्षाचं बिल
त्या एका रात्रीत जळत असावं.
काउंटरवरच्या मुलीनं माझा पासपोर्ट उघडला,
मिटला, पुन्हा उघडला, बोटांवर काही मोजलं.
ते मोजणं माझ्या ओळखीचं होतं.

"काका, पोहोचाल त्या दिवसापासून
सहा महिने शिल्लक हवेत.
तुमचे पाच महिने बावीस दिवस भरतायत."
"आम्ही पाच दिवसांत परत येणार बाळा."
"नियम त्यांचा आहे काका, आमचा नाही."

हे वाक्य माझं.
एकतीस वर्षं वापरलं मी ते,
खांद्याला चामड्याची पिशवी, दांड्याला पाठ.
अँटॉप हिलला एका पोराला उतरवलं होतं,
पास आदल्या दिवशी संपलेला.
त्याची ड्रॉइंगची लांब पट्टी दारात अडकली,
ती सोडवता सोडवता म्हणाला,
मास्तर, एकच दिवस तर.
मी दोरी ओढली. दोनदा.

शालनचा पासपोर्ट नवाकोरा.
आधीच्यात नाव चुकून "शालान" छापलेलं,
मीच चार खेपा घालून, भांडून, बदलून आणलेला.
तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.
त्या मुलीलाच विचारलं, "माझं चालेल?"
"तुमचं चालेल, काकू."

मग तिथेच, त्या सगळ्या उजेडात,
बॅग उघडली. माझे लेंगे बाहेर,
माझ्या बीपीच्या गोळ्या बाहेर, चिवडा आत.
डॉलर मोजून तिच्या पर्समध्ये, दोघांचेही,
दाखवायला बरे म्हणून.
"फ्रीजमध्ये आमटी नाहीये," एवढंच म्हणाली
आणि चाकांची बॅग ओढत गेली,
थोडी तिरकी, पण सराव असल्यासारखी.

बाहेर पडताना बंदूकवाल्यानं अडवलं.
आत आलेला माणूस बाहेर का चाललाय?
तिकिटावर शिक्का हवा, रद्द म्हणून.
तो आणायला पुन्हा रांग.
हातात लेंग्यांची प्लास्टिकची पिशवी.
मुंबईत यायला मला पहिल्यांदाच कागद लागला,
आणि मी जन्मलो नायगावात.

साडेअकराला तिचा मेसेज.
शिक्क्याचा फोटो, कोऱ्या पानावर, जरासा वाकडा.
अंगठाही आलाय त्यात, पिठाच्या भेगांचा.
मी लिहिलं, उद्देश विचारला का?
विचारला, म्हणाली,
पण ऐन वेळी तो शब्दच आठवेना.
मग? मग म्हटलं, देखने.
क्या, असं काहीतरी तो म्हणाला त्याच्या भाषेत.
मी म्हटलं, मालूम नहीं.
हसला आणि मारला शिक्का.

पुढं तिनं काही लिहिलं नाही.
कुणीतरी हाक मारली असेल, बस लागली असेल.

शिक्क्यात मुक्काम लिहिलाय तीस दिवस.
तिकीट आहे पाचाचं.
मी सकाळचा इथे बसून
दोन्ही आकडे बघतोय,
वजाबाकी न करता.