एका घरच्या वायरी

चार ड्रायव्हर आले नागपूरहून,
एसटीच्या पार्सलनं, सिंदेवाहीच्या स्टँडवर.
मोटरी मात्र भंगारातल्या,
कुठल्याशा मेलेल्या भरतकामाच्या मशीनच्या.
एकीच्या शाफ्टला अजून गुलाबी रेशमाचं टोक गुंडाळलेलं.

चौकट लटारीकाकांची. बिजा लाकडाची,
एक स्क्रू नाही, सगळं कुसू-खाचेत बसवलेलं.
मी म्हटलं, लोक ॲल्युमिनियम घेतात, काका.
ते म्हणाले, "लोकायले रंधा नाई येत."

पोळ्याला अठरा दिवस.
तान्ह्या पोळ्याच्या दीडशे नंदीबैलांची ऑर्डर,
आणि काकांचा उजवा अंगठा
मागच्या वर्षीपासून पटाशीवर टिकत नाही.
हे घरात कुणी बोललं नाही.
मी मशीनचं बोलले.

पुस्तिकेत लिहिलंय : काळी-हिरवी एक कॉइल,
लाल-निळी दुसरी.
माझ्या हातातल्या मोटरीला
काळी, पिवळी, नारिंगी, तपकिरी.
अंदाजानं जोडल्या, चोवीस व्होल्ट दिले.
मोटर जागच्या जागी थरथरली
भिजलेल्या कोंबडीसारखी,
फिरली नाही.

मल्टिमीटरचा सेल संपलेला.
दुकानं बंद. रात्रीचे नऊ. बल्बभोवती धानकिडे,
एक सारखा सोल्डरवर येऊन बसणारा.

तेव्हा आयटीआयतले खोब्रागडे सर आठवले :
आधी सप्लाय काढा.
चालू करंटात मोटरीची वायर सुटली
तर ड्रायव्हर गेला समजा, आणि सबब मला सांगू नका.
मग दोन वायरींची टोकं एकमेकींना टेकवा
आणि शाफ्ट बोटांनी फिरवा.
हलका फिरला, तर त्या परक्या.
अडला, तर एका घरच्या.

माझ्या बोटांना सगळंच सारखं लागत होतं.
"परनिता, आन इकडे."
त्यांनी तोच अंगठा शाफ्टवर ठेवला
आणि बघत राहिले समोरच्यांच्या टीव्हीकडे.
काळी-पिवळी. "नाई."
काळी-तपकिरी. "नाई."
काळी-नारिंगी.
"हे पाय. हे गाठीवर आलं."

मी फिरवून पाहिलं. होती गाठ.
जिथं लाकूडच नाही तिथं,
तांब्याच्या आत कुठंतरी.

वाय अक्षाला दोन मोटरी, समोरासमोर.
सुरू झाल्या आणि पूल तिरका होत कुरकुरला.
"एक बईल म्होरं, एक मांगं! थांबव, थांबव!"
मी थांबवलं. सप्लाय काढला.
दोघींपैकी एकीचीच एक जोडी उलटी केली.
मग चालल्या पावलाला पाऊल लावून,
एका फेऱ्याला सोळाशे पावलं,
छोट्या पांढऱ्या स्विचांवर
मीच नखानं ठरवलेली.

पहाटे साडेतीनला पहिला अर्धा बैल निघाला.
उजवी बाजू मागितली होती,
शिवणीच्या फळीवर डावी आली.
वशिंड बरोबर, झूल बरोबर, तोंड भलतीकडं.
एक्सची जोडी मी उलटी लावली होती.
चांगली दोन इंची फळी.
मला रडूच यायला लागलं, झोपेनं की कशानं.

काकांनी भुसा फुंकला,
बैलाच्या पाठीवरून हात फिरवला, केसांच्या उलट दिशेनं.
"आन मंग डावी बाजू कोन करनार होतं?"

ते मी ठरवलंच नव्हतं.

जोडी फिरवली. उजवी काढली.
दोन अर्ध्यांमध्ये फेव्हिकॉल, वरून शिकंजा,
आणि मी तिथंच पोत्यावर आडवी झाले.

उठले तेव्हा ऊन मशीनच्या पायाशी आलेलं.
काका चाकं बसवत होते.
ड्रायव्हरांच्या वरच्या फळीवर
सुताराच्या जाड पेन्सिलीनं लिहिलेलं :

कारी-नारंगी एका घरच्या.
पिवरी-तपकिरी एका घरच्या.
उलटी लावली त डावी बाजू.
पंखा चालू ठेवजो.