झगा उतरवताना

बायोजवळच्या सफरचंदांच्या बागेत
आम्हाला मिळाले तीन दिवस
आणि शहात्तर पाद्री.

पाद्री म्हणजे तोफा, स्वतःच्या पट्ट्यांवर चालणाऱ्या.
उजव्या अंगाचं मशीनगनचं गोल कडं
चर्चमधल्या प्रवचनाच्या ओट्यासारखं दिसायचं,
म्हणून इंग्रजांनी ठेवलेलं नाव.
त्यांच्या आधी एक बिशप होता म्हणे,
त्याला मान फार वर करता यायची नाही.

सार्जंट हॅगर्टी म्हणाला, झगा उतरवा.
म्हणजे तोफ काढा, भोक बुजवा,
आत माणसं मावतील असं करा.
कुठली माणसं, कुठे जाणार,
ते वेल्डरने विचारायचं नसतं.

मी हॅलिफॅक्सच्या गोदीतला.
तोफ बसवताना कधी पाहिली नव्हती,
उपटतानाच पाहिली:
क्रेनच्या साखळीला तिरकी, दाढेसारखी,
खालून काळं तेल ठिबकत.

पग्सली शेजारीच उभा होता. जुना गोलंदाज.
"सतरा साली व्हिमीच्या चिखलात
सहा घोडी होती मला.
पुढच्या डावीचं नाव डल्सी.
ती बसली की तोफ बसायची,
मग आम्हीही बसायचो, सिगरेट पेटवायचो,
आणि तेवढा वेळ
पलीकडच्या गावातही कुणीतरी चहा करत असेल.
हिचं तसं नाही.
ही गोळे टाकते, उत्तर यायच्या आत जागा सोडते,
पुन्हा टाकते.
ओढायला कुणी नाही,
म्हणून बसायला निमित्त नाही."
एवढं बोलून त्याने बाहीने तोफेचं बूड पुसलं,
शेंबडं पोर पुसावं तसं.

पोलाद पुरेना.
मग किनाऱ्यावर फुटून पडलेल्या होड्या कापून
त्यांचे पत्रे आणले,
खाचांत वाळू, वाळलेलं शेवाळ.
आन्सेल्म कोर्मिए, कोळ्याचा पोरगा,
प्रत्येक पत्रा आधी हुंगायचा.
एकावर आतल्या बाजूने खिळ्याने ओरखडलेला
पत्त्यांचा डाव होता.
दोन रकाने, आर आणि डब्ल्यू.
डब्ल्यू अकरा गुणांनी पुढे.
खाली जागा सोडलेली.
घासून काढू का, आन्सेल्मने विचारलं.
मी म्हटलं, राहू दे, आतच येईल ते.

लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात ना,
मी त्या खरोखर भाजल्या,
पत्र्याच्या, रात्रंदिवस,
डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होईपर्यंत.

सात तारखेच्या संध्याकाळी पायदळातली पोरं चढली.
एकेका पाद्रीच्या पोटात डझनभर.
एक जण नेमका
तोफेचं बूड होतं तिथे गुडघे जवळ घेऊन बसला.
बोटाच्या पेराने पत्रा वाजवला.
"हा गोळी अडवेल ना?"

मला माहीत होतं ते पोलाद.
मी म्हटलं, "होडीचा आहे."
तो म्हणाला, "अरे वा. थँक यू."

ते गेले. बागेत तोफा उरल्या,
लाकडी ओंडक्यांवर ओळीने, बिनपायाच्या.
हिरवी सफरचंदं गळत होती.
एक गांधीलमाशी नळीच्या तोंडाशी आली,
आत गेली, बराच वेळ आली नाही.
पग्सली रोज सकाळी त्यांच्यावर ताडपत्री ओढायचा
आणि कारकून वही घेऊन त्याच्यामागे फिरायचा:
अमेरिकनांचा उसना माल,
परत द्यायचाय, नगाला नग.
झगा एकीकडे, पाद्री एकीकडे,
कसं लिहू, सार्जंट?
हॅगर्टी म्हणाला, पेन्सिलने लिही.

पाचव्या दिवशी काही गाड्या दुरुस्तीला आल्या.
मी दिवा घेऊन एकेकीच्या आत शिरलो.
चौथीत तो पत्रा सापडला.
आर अजून अकरा गुणांनी मागे.
जमीन ओली होती.
आमच्याकडे येण्याआधीच
कुणीतरी आतून पाणी मारून घेतलं होतं.